राघूचं उष्टं

साद तीन वर्षांचा व्हायला आला होता आणि अजून एक शब्द बोलला नव्हता.

ऐकू त्याला सगळं येत होतं. पुढच्या खोलीत बिस्किटाचा पुडा हळूच फाडला तरी हा मोरीतून ओल्या पायांनी पळत यायचा. सांगितलेलं कळत होतं, न सांगितलेलं जास्तच कळत होतं. फक्त तोंड उघडलं की त्यात घास जायचा, बाहेर काही यायचं नाही. डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला, जीभ बाहेर काढायला लावली आणि शेवटी माझ्याकडं बघून विचारलं, "तुम्ही नीट झोपता का?"

मी झोपत नव्हते. मी मायक्रोबायोलॉजी घेऊन बी.एस्सी. झालेय, त्यामुळं काळजीला मला इतर आयांपेक्षा जास्त विषय सापडतात. लोकांच्या डोळ्यांना दिसत नाहीत तेसुद्धा.

डॉक्टरांनी सल्ला एकच दिला. घरात एकच भाषा बोला, मुलाचा गोंधळ होतो. आता आमच्या घरात सासूबाई, म्हणजे अम्मी, नेसरीच्या. त्यांच्या मराठीत मधूनच कानडी उगवतं. माझा नवरा तोहिद हुपरीला चांदीच्या पैंजणांचं काम करतो; तो कारखान्यात मराठी, घरात दख्खनी आणि गाडी बंद पडली की तिसरंच काहीतरी बोलतो. मी सादशी पुस्तकातलं बोलायची. यातली कुठली भाषा ठेवायची हे ठरेना, म्हणून मराठीवर एकमत होईपर्यंत दोन दिवस घरात कोणीच बोललं नाही. साद मजेत होता. त्याला वाटलं, शेवटी सगळे सुधारले.

खरी धास्ती नर्सरीची होती. पलीकडच्या चौकातल्या नर्सरीच्या मॅडम मला म्हणाल्या होत्या, "आमच्याकडं परीक्षा-बिरीक्षा काही नसते हो. जानेवारीअखेर घेऊन या. मुलानं फक्त स्वतःचं नाव सांगायचं."

फक्त. तो 'फक्त' माझ्या घशात बोराच्या बीसारखा अडकून बसला.

उपाय सांगितला तो शेजारच्या विमला काकूंनी. गॅलरीत कपडे वाळत घालता घालता, आमटीत गूळ किती घालायचा हे सांगावं तसं त्या म्हणाल्या, "सबिना, त्याला राघूचं उष्टं घाल की गं. पेरू घाल. माझा भाऊ असाच मुका होता. राघूनं चोच मारलेला पेरू खाल्ला आणि आठवड्यात बोलायला लागला."

"आता कुठं असतात ते?"

"आता काय, आमचं दोघांचं बोलणं बंद हाय. वाटणीवरनं."

मी हसून सोडून दिलं असतं, पण मागं अम्मी उभ्या होत्या. आणि अम्मींपुढं पाखरांचा विषय काढणं म्हणजे कढईखालचा जाळ वाढवणं. टिटवीनं उंचवट्यावर अंडी घातली की पूर येणार म्हणून अम्मी घरातलं धान्य माळ्यावर चढवतात. सकाळी भारद्वाज दिसला की तोहिदला म्हणतात, आज मालकाकडं पगारवाढ माग. उचकी लागली की मोरपिसाची राख मधातून. अर्धांगाच्या माणसाला कबुतराच्या पंखांचा वारा. विमला काकूंचे यजमान त्र्यंबक काका निवृत्त झाल्यापासून सकाळी सहाला बोलायला सुरुवात करतात ते झोपेपर्यंत. त्यांच्यासाठी काकूंनी एकदा उलटा उपाय विचारला होता. अम्मींनी विचार करून सांगितलं होतं, "बगळ्याचं उष्टं. तासन्‌तास उभा ऱ्हातो पर चकार शब्द काढत न्हाय." पण बगळ्याचं उष्टं म्हणजे मासा, आणि काकूंच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा येत नाही. त्यामुळं काका अजून बोलत होते.

"माझ्या ध्यानात कसं आलं न्हाय?" अम्मींनी कपाळावर हात मारला. "पर पिंजऱ्यातला राघू चालत न्हाय हं. रानातला पायजे. आणि त्यानं आपल्या मनानं खाल्लेला पायजे, आपल्या मनानं सोडलेला पायजे. कुणी हाकललं तर जिथं त्याचं खाणं तुटलं तिथंच पोराचं बोलणं तुटतं. नेसरीत एक जण हाय, अजून 'मी उद्या' एवढंच म्हणतोय. पन्नाशीला आला. उद्या काय, ते गावाला अजून ठाऊक न्हाय."

त्यांनी मशिदीतल्या हाफिजसाहेबांनाही विचारून घेतलं. ते म्हणाले, पोपट पाक आहे, हरकत नाही, पेरू तेवढा धुवून घ्या. अम्मी घरी येऊन म्हणाल्या, "भला माणूस हाय, पर पाखरातलं कळत न्हाय त्याला. धुतला तर गुण सगळा मोरीत जातोय की."

माझ्या डोक्यात तेव्हा दुसरंच सुरू झालं होतं. चावलेलं फळ. कुणी चावलं? वटवाघळानं चावलं असेल तर? निपाह. मी त्यावर प्रोजेक्ट केला होता, त्याला चांगले मार्क पडले होते.

*

वडणग्याच्या रस्त्याला केरबाची पेरूची लहानशी बाग आहे. विमला काकूंनीच पत्ता दिला. स्कूटीवर पुढं साद, मागं अम्मी, अम्मींच्या मांडीवर पिशवी, असे आम्ही गेलो.

केरबा साठीचा, डोक्याला टॉवेल, आणि तोंडात वरच्या बाजूला पुढं एकच दात. पण त्या एका दातावर तो दहा माणसांचं बोलायचा.

"या पावणं, या! पोराला वाचा पायजे न्हवं? योग्य जागी आलाय. हितं गोफण बंद, पत्र्याचा डबा बंद, फटाकं बंद. राघू म्हंजे आता माझा जावई. खा बाबा, किती खायचा तेवढा खा. आधी दगड मारत हुतो, आता हात जोडतो. उष्टा पेरू चांगल्या पेरूपेक्षा चढ्या भावानं जातोय म्हटल्यावर मी कशाला हाकलू?"

मी वर बघितलं. राघू होते, पण ते सगळे विजेच्या तारेवर ओळीनं बसून समोरच्या शाळवाच्या कणसांकडं तोंड करून होते. बागेत एकही नव्हता.

"खाऊन बसल्यात," केरबा म्हणाला.

"हे चावलेलं राघूनंच, हे कशावरून?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्याच्या आईच्या नावानं काही बोलले. "ताई, चाव्यावरनं माणूस वळखावा तसं पाखरू वळखावं. बुलबुल गोल भोक पाडतो, सुतारानं पाडल्यागत. खार दोन बारीक सऱ्या ओढती. वाघूळ चोथा करून थुकतं, त्याचं खाल्लं तर पोरगं बोलंल, पर रात्रीच. आणि राघू... राघू वरची चोच रुतवतो आणि असा खाली वढतो. एकच नांगर. खोल. वर रुंद, खाली निमुळता."

"वटवाघळं येतात म्हणजे इथं?" मला एवढंच ऐकू आलं.

"येत्यात की. ती काय मला इचारून येत्यात व्हय?"

इथून अम्मींचं आणि माझं जुंपलं. मी पिशवीतून पाण्याची बाटली आणि मिठाची पुडी काढली होती, ती त्यांनी बघितली. धुवायचं की नाही धुवायचं. अम्मी म्हणाल्या, तुझ्या डोक्यात किडे हायत, पेरवात न्हाईत. मी म्हटलं, किडे दिसतात अम्मी, विषाणू दिसत नाहीत. त्या म्हणाल्या, मग दिसत न्हाय त्याच्यावर तू इस्वास ठेवतीस आणि मला म्हणतीस अडाणी? बोलता बोलता मी झाडांच्या शेंड्यांवर काळं काही लोंबकळतंय का तेही बघत होते. मी सगळीकडं बघते. सवयच आहे माझी. त्यामुळं केरबा सादला कडेवर घेऊन "चल राजा, तुझ्याच हातानं काढू," म्हणत झाडामागं गेला, तिथलं तेवढंच काय ते मी बघितलं नाही.

ते परत आले तेव्हा सादच्या हातात पिवळाधमक पेरू होता. त्यावर एकच खोल ओळ, वर रुंद, खाली निमुळती, रस अजून ओला.

"आत्ताच खाऊन उडाला," केरबा तोंड पुसत म्हणाला.

मी बाटलीचं झाकण उघडेपर्यंत सादनं अर्धा पेरू संपवला होता. आणि तो हसत होता. इतका की अम्मींनी तिथंच दोन्ही हात वर करून दुआ मागितली. मी घरी येईपर्यंत चार वेळा गाडी थांबवून त्याच्या कपाळाला हात लावला.

ताप आला नाही. शब्दही आला नाही. अम्मी म्हणाल्या, एका पेरवानं काय हुतंय, हंगामभर घालाय पायजे. त्यांनी केरबाकडं रतीब लावला. दर दोन दिवसांनी तो सायकलवरून पिशवी आणून द्यायचा आणि दारात उभा राहून शेतीमालाचे भाव, जावयाची नोकरी आणि वडणग्यातल्या वळूचा स्वभाव सांगून जायचा.

मला हे सोसणार नव्हतं. एकदा चुकून ठीक होतं, हंगामभर नाही. मी मंडईतून स्वच्छ, अख्खे पेरू आणले, मिठाच्या पाण्यात ठेवले, पुसले, आणि तोहिदच्या हत्यारांतली पक्कड उकळत्या पाण्यातून काढून पहिल्या पेरूला चावा घेतला. केरबाचे पेरू गल्लीतल्या बकरीला. बकरीकडं मी त्यानंतर काही दिवस लक्ष ठेवून होते, कारण ती जर बोलली असती तर माझी पंचाईत होती.

अम्मींना काही कळलं नाही. सादला कळलं.

त्यानं पेरू हातात घेतला, फिरवला, चाव्यात बोट घातलं. बोट बाहेर काढून बघितलं. मग पेरू माझ्या मांडीवर ठेवला आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी पक्कड तिरकी धरली, तरी तेच. अम्मींनी पिशवीतला पेरू थेट काढून दिला की खायचा, माझ्या हातचा ठेवून द्यायचा. "तुझ्या हाताला काय लागलंय बघ," अम्मी म्हणायच्या. "पोरगं तुझ्या हातचं खाईना."

रविवारी तोहिद घरी होता. त्यानं मला स्वयंपाकघरात दार लावून पेरवाला पक्कड लावताना बघितलं. मी सगळं सांगितलं. वाटलं, आता चिडेल. तो पेरू उजेडात धरून बघत राहिला.

"सबी, ही काय चोच हाय व्हय? ही तर कुत्र्यानं हाड धरल्यागत दिसतीया. वरचा ओठ कुठाय? वळण कुठाय?"

"मग तू कर की."

हे मी म्हणायला नको होतं. तोहिदनं मोबाईलवर राघू पेरू खातानाचे व्हिडिओ लावले, थांबवून थांबवून बघितले. कागदावर चोच काढली. दोन दिवसांनी हुपरीहून येताना त्यानं खिशातून रुमालात गुंडाळलेली वस्तू काढली. पैंजणाच्या कड्या वळवायच्या जुन्या पकडीला कानस मारून मारून केलेली चोच होती ती. वरचा भाग वाकडा, खालचा वाटीसारखा. दाबली की 'कट्ट' वाजायची. कडेला त्यानं बारीक नक्षीही काढली होती.

"नक्षी कशाला?"

"हात ऱ्हायला न्हाय गं."

कारखान्यातल्या मालकानं विचारलं तर ह्यानं सांगितलं, नवीन डिझाइनचा साचा आहे. मालकानं तीन अजून करायला सांगितले.

साद चोचीच्या पेरवापुढं मात्र थोडा थांबला. त्यानं चावा नाकाजवळ नेला. बोट आत फिरवलं. मग तोहिदकडं बघितलं, बराच वेळ. आणि पेरू ठेवून निघून गेला. तोहिदला दोन दिवस जेवण गेलं नाही. जानेवारीचा दुसरा आठवडा लागला होता. फ्रीजचा खालचा कप्पा तोहिदच्या चोचीनं उष्ट्या केलेल्या पेरवांनी भरला होता, कारण तो आता सरावासाठी करायचा.

*

त्यात महापालिकेची निवडणूक. आमच्या प्रभागातून विजयसिंह दादा उभे होते. माणूस चांगला, कुणाच्याही मयताला पहिला हजर, पण माईक हातात आला की वाचा बसायची. "तर..." म्हणायचे. टाळ्या पडायच्या. परत "तर..." म्हणायचे. मग कुणीतरी हलगी सुरू करून वेळ मारून न्यायचं.

एका दुपारी ते चार-पाच पोरांना घेऊन आमच्या दारात आले. विमला काकूंनीच सांगितलं असणार. सादचं अजून काही झालं नव्हतं, पण उपायाची कीर्ती गुणाच्या आधी पोचते.

"मावशी," त्यांनी अम्मींच्या पाया पडायला वाकत म्हटलं, "संध्याकाळी कोपरा सभा हाय. एक द्या की."

"अरे एक काय, दोन घे!" अम्मी फ्रीजकडं वळल्या.

मी मधे आले. "अम्मी, ते नको, ते... ते सादचे आहेत."

"पोराचा रतीब उद्या येतोयच की. गल्लीचा माणूस दारात आलाय आणि तू पेरू मोजतीस?"

दादांनी उभ्या उभ्या दोन पेरू खाल्ले. माझ्या नवऱ्याच्या चोचीचे.

त्या संध्याकाळी विजयसिंह दादा बोलायला उभे राहिले ते बसलेच नाहीत. गटारीवर बोलले, पाण्यावर बोलले, त्यांच्या आजोबांच्या म्हशीवर बोलले, गटारीवर परत आले. मांडववाल्यानं खुर्च्या गोळा केल्या तरी ते बोलत होते. त्र्यंबक काका पहिल्या रांगेत होते, ते घरी आले आणि काकूंना म्हणाले, "फार बोलतो माणूस." काकू रडल्या म्हणे. आनंदानं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात माणसं. एकीची सून बोलत नव्हती, पण ती रागानं. एकाला पासपोर्टच्या मुलाखतीला जायचं होतं. एक आजोबा आले, त्यांचा पोपटच बोलत नव्हता. अम्मी सगळ्यांना बसवून चहा देत होत्या, नियम सांगत होत्या, पेरू देत होत्या. फ्रीज रिकामा होई तसा तोहिद भरत होता. आणि मी बघत होते की ज्याच्यासाठी हे सगळं सुरू झालं तो कोपऱ्यात बसून येणाऱ्या प्रत्येकाच्या हातातला पेरू बघतोय, आणि बोलत नाहीये. नर्सरी दहा दिवसांवर आली होती. इतर सगळं गाव बोलत होतं.

*

अम्मींचा सत्कार तालमीच्या पटांगणात झाला. दादांची हौस. अम्मींना शाल, नारळ, आणि बायकांना घालत नाहीत तरी फेटाही घातला. "आमच्या गल्लीची पाखरांची डॉक्टर!" दादा माईकवर म्हणाले आणि तिथून पुढं तासभर. मग त्यांना काय सुचलं देव जाणे. त्यांनी सादला उचलून टेबलावर उभं केलं.

"आणि आता, ह्या लेकराला, आपल्या सगळ्यांसमोर, मावशींच्या हातानं!"

अम्मींनी पदराआडून पेरू काढला. फ्रीजमधला. मी तोहिदकडं बघितलं. तो बायकांच्या मागं खांबाला टेकून उभा होता आणि आपला पेरू ओळखून जागच्या जागी आखडला होता.

हलगीवाल्यानं काठ्या वर धरल्या. दादांनी माईक सादच्या तोंडापुढं आणला. मला वाटलं, वर जावं, पोराला काखोटीला मारावं आणि थेट चंदगडला माहेरी जावं. पण गेले नाही, कारण माझ्यातलं एक मूर्ख माणूस त्या खोट्या पेरवाकडंसुद्धा आशेनं बघत होतं.

सादनं पेरू घेतला. फिरवला. चाव्यात बोट घातलं. मान वर करून गर्दीत शोधलं, खांबापर्यंत नजर नेली, आणि तिकडं बोट करून माईकमध्ये म्हणाला,

"अब्बा."

पुढचं मला नीट सांगता येत नाही. हलगी, शिट्ट्या, फटाक्यांची माळ, बायका एकमेकींच्या गळ्यात. विमला काकू ओरडत होत्या, "बोललं! बापाचं नाव घेतलं बघा पहिलं!" कुणीतरी मला पेढा भरवला. माझे डोळे गळत होते आणि तोंडात पेढा होता आणि टेबलावर साद लाल होऊन पाय आपटत होता, कारण कुणालाच कळलं नव्हतं तो काय सांगतोय. त्यानं माईक दोन्ही हातांनी धरला.

"अब्बानं! राघू न्हाय! अब्बानं केलं!"

"वाक्य बोललं की रं!" दादा ओरडले. दुसरी माळ लागली.

त्या सगळ्या गलक्यात तो काय म्हणाला हे तीनच माणसांना कळलं. मला, खांबाला टेकलेल्या तोहिदला, आणि फेट्याखालच्या अम्मींना. अम्मींनी सादच्या हातातला पेरू हळूच काढून घेतला आणि डोळ्याजवळ नेला.

*

घरी आल्यावर त्यांनी फेटा काढला नाही. पलंगावर बसल्या. "आण," म्हणाल्या.

तोहिदनं चोच आणून दिली. त्यांनी ती दोनदा वाजवून बघितली. कट्ट. कट्ट.

"धार जास्त हाय," त्या म्हणाल्या. "राघू दाबून तोडतो. कापत न्हाय."

"व्हय अम्मी."

"आणि ही फुलं कशाला काढल्यास?"

मी सगळं सांगून टाकलं. निपाह, बकरी, सगळं. अम्मींनी ऐकून घेतलं. त्यांना राग आला होता की नाही हे फेट्यामुळं कळत नव्हतं.

"म्हंजे पोरानं खरा पेरू खाल्ला तो केरबाच्याच बागेतला. माझ्या हातनं खाल्लेला. त्याचाच गुण आला," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "साद, हिकडं ये बेटा."

सकाळी आलेली केरबाची पिशवी अजून बकरीकडं गेली नव्हती. अम्मींनी एका हातात पिशवीतला पेरू धरला, दुसऱ्या हातात फ्रीजमधला.

"ह्यो कुणाचा?"

"अब्बा."

"शाब्बास. आणि ह्यो? ह्यो राघूचा न्हवं?"

सादचा चेहरा उजळला. त्यानं तो पेरू दोन्ही हातांनी ओढून घेतला, त्या खोल, वर रुंद आणि खाली निमुळत्या ओळीवर आपलं तोंड बरोबर बसवलं आणि मोठा घास घेतला. भरल्या तोंडानं म्हणाला,

"केरबा."

मला बागेत झाडामागून परत येणारा केरबा आठवला. तोंड पुसत. मग त्याचं हसणं दिसलं, त्यातला एकच दात. एकच नांगर. मी महिनाभर वटवाघळं शोधत होते.

अम्मींनी फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "केरबा, खरं सांग. पेरू कोण चावतंय?"

पलीकडं आयुष्यात पहिल्यांदा केरबा जरा थांबला. "मावशी, आता तुमच्यापासनं काय लपवायचं. राघू येईनात. हाकलत हुतो तवा झुंडीनं यायचं. हाकलायचं बंद केलं तर त्यांना गोडीच वाटंना, शाळवात जाऊन बसलं. आणि गिऱ्हाईक दारात. मग मी काय करणार?"

"म्हणून तू चावलास?"

"हे बघा. रानातला पायजे म्हणालासा. मी रानातच ऱ्हातो की, घर तरी हाय व्हय मला गावात? आपल्या मनानं खाल्लेला पायजे. मी मनानं खाल्ला. आपल्या मनानं सोडलेला पायजे. सोडला. मला कुणी हाकललं न्हाय. आता ह्यात चुकलं कुठं ते तुमीच सांगा."

अम्मी विचारात पडल्या. बोटांवर एकेक अट घालून बघितली. फोन तसाच सुरू होता आणि केरबा वळूची हकिकत सांगायला लागला होता.

"बसत्यात," शेवटी त्या म्हणाल्या. "सगळ्या अटी बसत्यात." आणि फेटा काढून ठेवला. "आणि बोलायच्या बाबतीत म्हणशील, तर केरबापुढं राघू काय हाय गं?"

त्यानंतर दोन दिवस मी केरबाला दंतवैद्याकडं, रक्ततपासणीला आणि क्षयरोगाच्या तपासणीला नेऊन आणलं. अगदी ठणठणीत निघाला. डॉक्टर म्हणाले, फक्त बोलतात जरा जास्त.

*

नर्सरीत जायच्या दिवशी सादला निळा शर्ट घातला. तोपर्यंत त्याला तीसेक शब्द आले होते, त्यातले निम्मे फळांची नावं आणि निम्मे ती खाणाऱ्यांची. वाटेत मी त्याच्याकडून नाव घोटून घेतलं. अम्मी दारापर्यंत आल्या होत्या, त्यांनी त्याच्या हातात पेरवाची फोड दिली होती. कुणाची ते मी विचारलं नाही.

मॅडम गोड बोलल्या. "अरे वा, कोण आलंय? नाव काय तुझं?"

साद माझ्याकडं बघायला लागला. मग त्यानं मॅडमकडं बघितलं.

"साद."

मॅडमनी कागदावर खूण केली. मला वाटलं, उठावं आणि पळत सुटावं, आत्ताच्या आत्ता, तो आणखी काही बोलायच्या आधी. पण मॅडमचा मोबाईल टेबलावर पालथा पडला होता, आणि त्याच्या पाठीवर चावलेल्या सफरचंदाचं चित्र होतं. ते सादला दिसलं.

तो खुर्चीवरून उतरला. मोबाईल दोन्ही हातांनी उचलला, उजेडाकडं तिरका केला, चाव्यात बोट घातलं. बोट चाव्याच्या कडेनं फिरवलं. मॅडम हसत होत्या. मी हसत नव्हते.

"राघू न्हाय," तो म्हणाला.

"अच्छा?" मॅडम म्हणाल्या. "मग कुणी खाल्लं बरं?"

सादनं परत एकदा नीट बघितलं. चित्र आपल्या तोंडाशी नेऊन मापलं. आणि मोबाईल जागेवर पालथा ठेवत मॅडमना हळूच, वाईट बातमी सांगावी तसं सांगितलं,

"एकच घास. आवडलं न्हाय त्याला."